विकणाराच म्हणाला, घेऊ नका

मंडळी, ऐका. विकणारा माणूसच तुम्हाला म्हणाला, "माझी वस्तू घेऊ नका" — तर त्याला काय समजाल? भला? की लबाड? थांबा, माना लगेच डोलवू नका!

संगमनेरात चंद्रभान कानवडे म्हणून एक गृहस्थ. चष्म्याचं दुकान. भाजीवाल्यानं कोथिंबीर फुकट दिली, तर हा जुडी सोडून आत बघणार! त्याला हवी होती गाडी — छोटी, उंच, डिझेलची एसयूव्ही. रोज घर ते दुकान, आणि वर्षातून दोनदा मुलीकडं कोल्हापूरला. शोरूमवाल्यानं गाडीची स्तुती केली. हा मनात म्हणतो, खपत नसणार. उठला. दुसऱ्यानं चहा पाजला. चहा कशाला पाजतो? उठला. पिऊन उठला, बरं का!

सिन्नरला त्याचा साडू, नवनाथ. त्याला आपली तसलीच गाडी विकायची होती. मंदाताईंनी, म्हणजे चंद्रभानच्या बायकोनं, हात जोडले. आईवडील गेल्यावर धाकटी बहीण शैला, नवनाथची बायको, हेच तिचं माहेर. म्हणाली, "तुमच्या शंकेपायी ते दार बंद व्हायचं."

ऐकतोय कोण? गेला — खिशात चुंबक घेऊन! पत्रा ठोकून लांबी, म्हणजे पुट्टी, भरली असेल तिथं ते चिकटत नाही ना. सगळीकडं चिकटलं. मग सीटखाली नाक घातलं — पुरात बुडालेली तर नाही? शैला पोह्यांची बशी घेऊन अंगणात, आणि पाहुण्याचे नुसते पाय बाहेर! हसता काय? तुमच्यातल्या किती जणांच्या घरात चुंबक निघेल?

नवनाथनं विचारलं, रोज किती चालवणार? हा म्हणाला, दोन किलोमीटर.

"मग दादा, घेऊ नका. धूर गाळायला हिच्यात जाळी असते. गाडी लांब पळाली तरच तिथली काजळी जळते. माझी बदली घराजवळ झाली, म्हणून तर मी विकतोय. तुम्ही पेट्रोलची बघा."

किती सरळ बोलणं! पण चंद्रभानला काय ऐकू आलं? 'ह्याला जास्त देणारं गिऱ्हाईक भेटलंय.' झालं, हट्टानं तीच गाडी घेतली.

थोड्याच दिवसांत समोर पिवळा दिवा पेटला. जाळी तुंबली! यानं बायकोसमोर फोन लावला, "सख्ख्या साडूला फसवलंस?"

नवनाथ एसटीनं आला. बॉनेटसुद्धा उघडलं नाही. चंद्रभानला शेजारी बसवलं, गाडी पुण्याच्या हमरस्त्याला काढली आणि एका लयीत पळवली. घाट ओलांडून पुढं गेले, अन् दिवा विझला. आणि हा खाली वाकून बघतोय — गुपचूप एखादं बटण तर दाबलं नाही?

नवनाथनं ते बघितलं. येताना गाडी थेट स्टँडवर थांबवली, चावी दिली, उतरला. आता मात्र चंद्रभान वरमला. घरी चला म्हणाला, मंदानं स्वयंपाक केलाय.

"नको दादा. आज जेवलो, तर उद्या म्हणाल, हा कशासाठी जेवला."

एसटी निघून गेली. मंडळी, घरी मंदाताईंनी दोन पानं वाढून ठेवली होती. एकटा नवरा आत आला. तिनं एक पान उचललं.

गाडी? अधूनमधून हमरस्त्यावर पळवून आणतो, उत्तम चालते! पण तुम्ही आज घरी गेलात की आपल्या पंगतीकडं बघा. कोण यायचं बंद झालंय? आणि त्यानं शेवटचं तुमच्या भल्याचं काय सांगितलं होतं? आठवलं? मग आधी त्याच्या दारात जा. विठोबाचं नाव घ्यायला तोंड तिथून आल्यावर उघडा.