दोन थापा

— गेली, ताई. ती काय, कोपऱ्यावर वळली ना, तीच. विमानतळाची दीडची. आता पुढची पावणेचारला. नाही, हे तिकीट तिला चालायचं नाही — स्वस्तातलं तिकीट म्हणजे तीच गाडी, तीच सीट, चुकली की कागद. पंपावर थांबते? कुणी सांगितलं, टॅक्सीवाल्यानं? त्यांना सगळ्या गावाची खबर. थांबते, हो, पाच-सात मिनिटं, डिझेलला. टॅक्सीनं दहा मिनिटांत पोचाल, तेही खरं, आणि ड्रायव्हरचा नंबर माझ्याकडे आहे, तेही खरं. पण मी नाही फोन करणार. हात नका जोडू. बॅग खाली ठेवा आधी, खांदा उतरेल.

माझं काम काय, सांगतो. यादीत खुणा करायच्या, बॅगा पोटात भरायच्या, झाकण लावायचं आणि गाडीच्या कुशीवर दोन थापा मारायच्या. थाप, थाप — की ड्रायव्हर निघाला. तो आरशात बघत नाही, घड्याळ बघत नाही, माझ्या हाताची वाट बघतो. एकोणीस वर्षं. लोक मला दगड म्हणतात, म्हणू देत. एक म्हातारा धावत आला होता, चप्पल निसटली त्याची, मी बघतोय आणि मारल्या थापा. वाईट वाटतं का? वाटतं की. पण आत एकेचाळीस माणसं बसलेली असतात, ताई, आणि कुणाच्या मांडीवर काय आहे ते आपल्याला दिसतं थोडंच?

एकदा थांबवलीय. म्हणून तर सांगतोय. मागच्याच महिन्यात — एक बाई होती, कडेवर लेकरू, काहीतरी विसरली घरी, रडकुंडीला आली. म्हटलं, जाऊ दे, माणुसकी आहे की नाही? अकरा मिनिटं. ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, मी हात वर करून उभा. आतून दोघं-तिघं ओरडले, एकानं तर माझं खानदान काढलं. सात नंबरच्या सीटवर एक माणूस होता, तो काही बोलला नाही. खिडकीतून नुसता बघत होता. पुढे रस्त्यात ट्रक आडवा झालेला, त्यात वीस मिनिटं गेली. ती काही माझी नव्हेत. माझी अकराच. पण विमानतळावर काउंटर बंद झालेलं त्या सात नंबरवाल्याचं, नंतर कळलं — सहा मिनिटांनी हुकलं. सहा! करा हिशोब.

परतीचं तिकीटही आमच्याच गाडीचं होतं त्याचं, चार दिवसांनंतरचं. चौथ्या दिवशी उतरला इथंच, मी बॅग काढून दिली. ओळखलं मी. म्हटलं, मिळालं का हो विमान, साहेब? बोलायचं म्हणून बोललो. म्हणाला, दुसऱ्या दिवशीचं मिळालं. आई तोवर गेली होती. वाट बघत होती म्हणे, दाराकडे तोंड करून झोपवा म्हणत होती. मग तोच म्हणाला — शांतपणे, हं, ताई, चढ्या आवाजात नाही — म्हणाला, मी मुद्दामच ओरडलो नाही त्या दिवशी. म्हटलं, कुणीतरी फारच अडलेलं असेल, त्याशिवाय हा माणूस गाडी थांबवणार नाही.

अडलेलं! चार्जर विसरली होती. फोनचा चार्जर. कपाटावर ठेवलाय म्हणाली, आणि तिची आई लागली माझ्या मागे — पोरगी पहिल्यांदा परदेशी नोकरीला चाललीय, बापानं एवढंही करू नये का, आयुष्यभर लोकांच्या बॅगा उचलल्यास, पोरीसाठी दहा मिनिटं — हो. आमचीच. लेकरूबिकरू काही नव्हतं कडेवर. तिचं विमान तर आणखी पाच तासांनी होतं, तिथं दुकानात मिळाला असता चार्जर. मला कळत नव्हतं असं नाही. पण बायकोनं रडून दाखवलं की माझं डोकं चालत नाही. पोरीला सांगितलेलं नाही यातलं काही. दर रविवारी फोन करते, बाबा, जेवलात का. काय सांगू तिला? त्या माणसालाही नाही सांगितलं. काळजी घ्या म्हणालो. काळजी घ्या! जीभ झडली नाही माझी.

तेव्हापासून ठरवलंय, कुणासाठी नाही. देव आला तरी नाही. तुम्ही रागावा, तक्रार करा, तो बघा वर नंबर लिहिलाय. माझं काय, मी —

काय म्हणालात?

वडील. कधी? आज सकाळी फोन आला. डॉक्टर म्हणाले आजची रात्र.

मग हे आधी बोलायचं ना, ताई! मी मघापासून — बोललात? केव्हा? हो, तुम्ही तोंड उघडत होता दोनदा, मीच... थांबा. थांबा, लावतो. वाजतोय. उचल रे बाबा. हॅलो — अरे, पंपावर आहेस ना? एक बाई येतायत टॅक्सीनं, दहा मिनिटं — काय? कधी? मोठ्या रस्त्याला लागलास? बाजूला घे ना मग, कुठेतरी कडेला — हो. हो, माहितीय तिथं थांबता येत नाही. मलाच सांगतोस. नाही. नाही, काही नाही, तू चालव.

बसा तिथं, बाकावर. सावली आहे. पावणेचारच्या गाडीत पहिलं नाव तुमचं लिहितो, तिकिटाचं मी बघतो. पाणी हवंय का? बरं. नको तर नको.

आणि ताई, माझ्याकडे नको, तिकडे रस्त्याकडे तोंड करून बसा जरा. मला बॅगा घ्यायच्यात.