एका उदाजीचे दोन वारस

उत्तमराव : ...म्हणूनच सांगतो नत्थुजी, आमच्या घराण्याचं नाव काढलं की वऱ्हाडचा इतिहास थरथर कापतो!

माणिकबाई : इतिहास नाही कापत, बाज कापून राह्यली. तिचा एक पाय ढिला आहे. मदात बसू नको, काठावर सरक.

नत्थुजी : राहू द्या बाई, मीबी सरकतो. दोघं संगंच पडलो तं सोयरिकीले बरं दिसत नाही.

उत्तमराव : ताई, पाहुण्यांसमोर असं बोलतात?

माणिकबाई : पाहुणे अमरावतीहून सुपारी फोडाले आले, इतिहास आयकाले नाही. त्यायनं शकुनले पाह्यलं, आपण त्यायच्या नातवाले पाह्यलं. पोरीनं पहिल्यांदा नाक मुरडलं नाही. आपला भाऊ गेला, वहिनी गेली, एवढं एक लेकरू मांगं राह्यलं. फोड सुपारी आन् मोकळा हो.

उत्तमराव : सुपारी कुठं पळून जाते? पण आपण कोणत्या घरची पोरगी नेतो, हे नत्थुजींना कळायला नको?

माणिकबाई : मांगच्या पाहुण्याले कळवलं होतं ना तुनं. निजामाचा खजिनदार आपला पूर्वज म्हणून. त्यायनं लगेच हुंडा दुप्पट मांगितला.

उत्तमराव : लोभी लोक होते ते.

माणिकबाई : आन् त्याच्या आंधीच्याले सांगितलं का पूर्वज राजवैद्य होता. त्या माणसानं याच बाजीवर बसून जीभ काढून दाखवली. म्हणे, पंधरा दिस झाले, पोट साफ नाही.

नत्थुजी : हॅ हॅ! असू द्या बाई. बोलू द्या त्यायले. आयकाले काही पैसे पडत नाही.

उत्तमराव : हे खरं रसिकाचं बोलणं! ऐका तर. गाविलगड! खाली इंग्रजांची फौज मुंग्यांसारखी पसरलेली. वर बुरुजावर एक तोफ. आणि तोफेमागं एकच पुरुष. एक डोळा मिटलेला...

नत्थुजी : मिटलेला नाही, फुटका.

उत्तमराव : हो, फुटकाच! म्हणजे तुम्ही ऐकलं आहे! पाहिलंस ताई, कीर्ती अमरावतीपर्यंत गेली आहे!

नत्थुजी : नाव काय म्हणाले तुमी त्या पुरुषाचं?

उत्तमराव : उदाजी! उदाजी तोफवाले! आमचे खापरपणजोबा!

नत्थुजी : कोणाचे?

उत्तमराव : आमचे.

नत्थुजी : उत्तमराव, तुमची काहीतरी गफलत होऊन राह्यली. उदाजी तोफवाला आमचा खापरपणजा आहे. अमरावतीत कोणालेबी विचारा. आमच्या घराले तोफवाल्याचं घरच म्हणतात. टांगेवाल्याले पत्ता सांगा लागत नाही.

उत्तमराव : तुमचा? आणि आमचाही? म्हणजे... नत्थुजी! म्हणजे आपण एकाच वीराची लेकरं! इतकी वर्षं एकमेकांना ओळखलं नाही! या, गळ्यात पडा!

नत्थुजी : अरे बाप्पा! एकच रक्त!

उत्तमराव : एकच वंश!

माणिकबाई : झालं गळ्यात पडून? मंग आता हेबी सांगा, का भाऊबहिणीचं लग्न कोण्या मांडवात लावतात.

(आत पाट्यावर वाटण चाललेलं असतं, ते थांबतं.)

नत्थुजी : मंजे?

माणिकबाई : मंजे एका पुरुषाचा वंश तं एक कूळ. एक कूळ तं आमची शकुन तुमच्या नातवाची बहीण. सुपारी कायले फोडता, राखी बांधा.

उत्तमराव : थांब थांब ताई. उदाजींना दोन बायका असतील.

माणिकबाई : बायका दहा असन. नवरा तं एकच होता ना?

नत्थुजी : हे मोठं अवघड झालं. उत्तमराव, असं करा, तुमी उदाजी सोडा.

उत्तमराव : मी? मी का सोडू? दसऱ्याला अकोल्याच्या साऱ्या जुन्या शहरात सोनं सगळ्यांत आधी मला देतात. ते काय माझ्या तोंडाकडं पाहून?

माणिकबाई : नाही, तोंडाकडं पाहून नाहीच.

उत्तमराव : तुम्ही सोडा, नत्थुजी. तुमचा मळा आहे, दारात बैलजोडी आहे. तुम्हाला पूर्वजाची काय गरज?

नत्थुजी : अन् घराचं नाव? सोडतो म्हटलं तं टांगेवाले सोडतीन का? उद्या भाऊबंद म्हणतीन, पोरीच्या पायी पणजा इकला. नाही, उत्तमराव. पोरगी गुणाची आहे, पण उदाजी मले सोडता येत नाही.

उत्तमराव : मग मलाही येत नाही.

नत्थुजी : मंग काय. येतो मी. बाई, पोरीले माहा आशीर्वाद सांगजा. बदनेऱ्याची गाडी अजून भेटन.

माणिकबाई : बसा खाली! उत्तम, त्यायची पगडी दे इकडं. दे म्हणते ना. हे पाहा नत्थुजी, पगडी माह्या मांडीवर आहे. बोडक्या डोक्यानं अमरावतीले जाता येत असन तं जा खुशाल.

नत्थुजी : बाई, हे काही बरं नाही.

माणिकबाई : दोन म्हातारे एका मेलेल्या माणसापायी जित्या पोरीचं लग्न मोडून राह्यले, ते बरं आहे? आता मी विचारते ते सांगा. हा उदाजी तुमाले कोणी सांगितला?

नत्थुजी : आमच्या भाटानं. सुगी झाली का येते, ओट्यावर बसून साऱ्या पिढ्या म्हणून दाखवते. एका कानात बाळी आहे त्याच्या.

उत्तमराव : डाव्या कानात?

नत्थुजी : डाव्याच. अन् म्हणताना मदामदात शिंकते.

उत्तमराव : तपकिरीमुळं.

माणिकबाई : आयका! काय म्हणते तो उदाजीचं? म्हणा जरा.

नत्थुजी : "उदाजी उभा, तोफ आडवी..."

उत्तमराव : "साहेबाची टोपी झाडावर चढवी!"

माणिकबाई : वा! भजनी मंडळच काढा दोघं. एकच भाट, एकच टोपी, एकच झाड. अकोल्यात इकला तोच उदाजी अमरावतीत इकला. मदात मूर्तिजापुरात उतरला असन तं तिथंबी दोनचार घरी देऊन आला असन.

नत्थुजी : पण बाई, आमी त्याले उदाजीसाठी कोरं धोतर देल्लं होतं!

उत्तमराव : धोतर? आम्हाला तर पायलीभर ज्वारीत...

माणिकबाई : पाहा! अमरावतीचे लोक मोठे दिलदार.

उत्तमराव : पण ताई, भाट खोटा म्हणून उदाजी खोटा होत नाही. कोणाचा तरी तो असेलच.

माणिकबाई : असन बिचारा. पण आपला आन् त्यायचा एक आहे का नाही, हे पाहाले भाट कायले लागते? नत्थुजी, तुमच्या घरी लग्नात देवक कशाचं बसवतात?

नत्थुजी : जांभळाचं. जांभळाची डांग आणतो आमी, पिढ्यान्‌पिढ्या.

माणिकबाई : आमचं उंबराचं. सरलं! देवक एक तं कूळ एक, देवक येगळं तं कूळ येगळं. ज्या झाडाले हात जोडतो ते झाड खोटं बोलत नाही, त्याले पायलीभर ज्वारी लागत नाही. आन् पोरी, तू कायले थांबली? वाट तिकडं. जेवणाले उशीर होऊन राह्यला.

नत्थुजी : खरं आहे. हे पहिलेच विचारा लागत होतं.

माणिकबाई : पहिलेच विचारतात. पण आमच्या उत्तमनं पहिले तोफ काढली.

उत्तमराव : म्हणजे एकाचा तरी उदाजी जाणार.

माणिकबाई : दोघायचाबी गेला. आपला खापरपणजा गाविलगडावर गेल्ता, हे खरं आहे. कांदे घेऊन. वर गडावर कांदे इकले, उतरताना खाली साहेबाच्या छावणीत इकले. लढाई सुरू झाली तवा तो घरी झोपला होता. आजी सांगे मले.

नत्थुजी : दोन्हीकडं इकले?

माणिकबाई : भूक दोन्हीकडं होती.

नत्थुजी : मी आता खरं सांगू का, बाई? मले उदाजीच्या बापाचं नाव माहीत नाही. त्याच्या पोराचंबी नाही. मी भाटाले विचारलं होतं एकदा. तो म्हणे, त्याले दुसरं धोतर लागते.

उत्तमराव : मग आता आपण कोण, नत्थुजी? सकाळी मी तोफवाल्याच्या वंशातला होतो. आता कांदेवाल्याच्या.

नत्थुजी : तुमाले कांदे तरी आहेत. मले तेबी नाही.

माणिकबाई : कशी तोंडं पाडून बसले! वऱ्हाड निजामाचं का साहेबाचं, का नागपूरच्या कचेरीचं, हे अजून कोणाले नीट सांगता येत नाही. तरी पऱ्हाटीले कापूस लागते ना? आन् उत्तम, तुले नाव काढाले माणूस पाहिजे तं घरातलं काहून आठवत नाही? पार्बता आजी काय परकी होती?

उत्तमराव : ताई, ती बाईमाणूस. आणि तिनं केलं काय? आगगाडीत बसली. आगगाडीत आता सगळेच बसतात.

माणिकबाई : आता बसतात. तवा कोण बसे? नत्थुजी, अकोल्यात पहिले गाडी आली तवा लोक म्हणत, या इंजिनाले माणसाचा नैवेद्य लागते. बसला तो गेला. त्या साली वांगी इतकी पिकली का बाजारात गाई तोंड फिरवत. आजीनं डोक्यावर टोपलं घेतलं, ठेसनावर गेली आन् बसली गाडीत. कुठं जाते तेबी विचारलं नाही. डोळे मिटले, टोपलं पोटाशी धरलं.

नत्थुजी : एकटी?

माणिकबाई : एकटी. बाजूले कोणी असता तं त्यानं उतरवली असती.

नत्थुजी : मंग?

माणिकबाई : गाडी थांबली तवा डोळे उघडले. बदनेरा! तिथं सारी वांगी हातोहात इकली. पण वापस याले गाडी दुसऱ्या दिवशी. रडत बसली ठेसनाबाहेर. तं एक मळेवाली बाई आली, तिनं तिले आपल्या मळ्यात नेलं, भाकर देल्ली, आपल्या पोरायच्या बाजूले झोपवलं. दुसऱ्या दिवशी आजी घरी आली तं सासऱ्यानं दारातच अडवली. उनात उभी केली आन् पाह्यलं का सावली पडते का नाही. भुताची पडत नाही म्हणे.

नत्थुजी : पडली?

माणिकबाई : पडली म्हणून तं आमी आहो! मंग अर्धा अकोला गाडीत बसाले लागला. पार्बता वापस आली तं आपणबी येऊ म्हणे.

उत्तमराव : पण पंचांसमोर हे कसं सांगायचं? आमची आजी वांगी घेऊन गाडीत बसली?

माणिकबाई : मंग तोफेचं तरी कसं सांगतो? तोफवाला होता तरी गड पडला. आजी तरी वापस आली.

नत्थुजी : बाई, एक विचारतो. त्या मळ्यातल्या बाईचं काही सांगे का तुमची आजी?

माणिकबाई : नाव ती इसरली होती. पण भाकर डाव्या हातानं थापे म्हणे. आजीले त्याची लय नवलाई. तिच्याजवळ देण्यासारखं काहीच नव्हतं. टोपल्याच्या तळाले एक जून वांगं तेवढं राह्यलं होतं, पिवळं पडलेलं, कोणी न घेतलेलं. तेच बियाले म्हणून देऊन आली.

नत्थुजी : बाई...

माणिकबाई : काय झालं? पाणी देऊ?

नत्थुजी : माही आजी डावरी होती. भाकर डाव्या हातानं थापे. आमचा मळा बदनेऱ्याच्या वाटेवर आहे, ठेसनाजवळ. अन् आमच्या मळ्यात वांग्याची एक जात आहे बाई, जांभळी, पांढऱ्या रेघांची. सारे तिले "गाडीवालीचं वांगं" म्हणतात. मी लहानपणापासून म्हणून राह्यलो. ही गाडीवाली कोण, हे कोणालेच माहीत नव्हतं. मले वाटे, बैलगाडीवाली असन कोणी.

उत्तमराव : ताई! ताई, ऐकलंस?

माणिकबाई : आयकलं. पांढऱ्या रेघा देठापासून अर्ध्यावर येतात?

नत्थुजी : अर्ध्यावरच. काटा बारीक.

माणिकबाई : आपलंच आहे. आमच्याकडचं बी मोर्णेच्या पुरात गेलं. मले वाटलं, आजीबरोबर तेबी सरलं.

नत्थुजी : सरलं नाही. यंदाबी लावलं आहे. फुलावर आहे आता.

उत्तमराव : नत्थुजी, याला म्हणतात सोयरिक! तुमच्या आजीनं आमच्या आजीला घरी नेलं, आता आम्ही आमची पोरगी तुमच्या घरी पाठवतो! मांडवात मी उभा राहून सांगणार, ही शकुन, पार्बताबाई गाडीवालीची पणती! वऱ्हाडात जिनं पहिल्यांदा...

माणिकबाई : पहिल्यांदा नको म्हणू. दुसरी कोणी निघाली तं पुन्हा बाज कापन.

उत्तमराव : बरं, पहिल्यांपैकी! आणि पंगतीला त्याच वांग्याची भाजी! दोन घरचं एक बी, एक कढई! लग्न लावणारे शास्त्रीबोवासुद्धा डोळे पुसत जेवतील!

नत्थुजी : दोन बैलबंड्या भरून पाठवतो वांगी. ठरलं. बाई, आता तरी पगडी द्या, सुपारी फोडाले बोडकं बसता येत नाही.

माणिकबाई : घ्या. शकुन, आण वो ताट.

नत्थुजी : अन् बाई, जरा इकडं या. उत्तमरावले आयकू जाऊ नये. एक लहानसं मागणं आहे. आमचा नातू वांगं खात नाही. कधीच नाही खाल्लं. पंगतीत त्याच्या पत्रावळीवर तेवढी आलूची भाजी वाढजा. अन् वरून वांग्याचा एखादा देठ ठेवजा, मंजे दिसाले बरं दिसन.