डाव्या कानामागची खळगी

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा माननीय डॉक्टर इस्मत हानिम, व्यासपीठावर विराजमान झालेल्या सचिव मादाम सहीर, जिच्या निवृत्तीनिमित्त आपण सगळ्या जमलो ती आपली पोहण्याची प्रशिक्षक आणि माझी मैत्रीण कॅप्टन दौलत, आणि रव्याच्या गोड बसबूशाच्या बशा मांडीवर सांभाळत ही बाई किती बोलणार याचा अंदाज घेणाऱ्या माझ्या अलेक्झांड्रियाच्या लेकी-सुनांनो,

मी इन्शिराह. क्लबच्या फाटकासमोरचं पार्लर माझं. इथल्या निम्म्या माना मी रोज मागून बघते, त्यामुळे आज समोरून चेहरे बघताना जरा चुकल्यासारखं होतंय.

सचिवबाईंनी मला बोलावलं तेव्हा बजावलं होतं, "कॅप्टनच्या मोठ्या मनाबद्दल चार शब्द बोला." मी हो म्हटलं. जुनं उकरायचं नाही, गोड बोलायचं आणि गोड खाऊन घरी जायचं, असं ठरवून नवी ओढणी घेऊन आले. दौलतने दारातच माझ्या गालाला गाल लावला. मग या टेबलावरचं मखमली कापड बाजूला झालं. खाली हे प्लास्टरचं डोकं होतं, आणि त्याच्या पायथ्याशी पितळी पाटी. मागच्यांना दिसत नसेल म्हणून वाचते. "पाणी न शिरणाऱ्या टोपीचा पहिला साचा. कॅप्टन दौलत यांच्या स्वतःच्या डोक्यावरून घेतलेला." उद्यापासून हे क्लबच्या कपाटात राहणार आहे, असं कळलं.

तेव्हा आधी टोपीबद्दल बोलू. त्या काळी आपल्या बायका समुद्राकाठी राहून पाण्याला का घाबरत होत्या? बुडण्याची भीती नव्हती हो. गुरुवारी माझ्याकडे केस सरळ करून घ्यायचे, शुक्रवारी लग्नाला मिरवायचे, मग शनिवारी तलावात कोण डोकं घालणार? बाजारातल्या रबरी टोप्या म्हणजे डोक्यावर उलटी ठेवलेली पातेली. पाणी आत शिरलं की शिरलं, वर बाहेर यायचं नाव नाही.

एके दुपारी दौलत माझ्या दुकानात आली आणि म्हणाली, "इन्शिराह, पाणी कपाळावरून शिरत नाही, मानेकडून शिरतं. पोरी उडी मारताना मी बघितलंय." हे तिने बघितलं, हे श्रेय तिचंच. मी म्हटलं, "मानेवरची लव मी रोज दोऱ्याने काढते. त्या लवेवरूनच पाणी वर चढत असणार. टोपीची कड केसांवर नको, त्यांच्या खाली उघड्या कातडीवर बसली पाहिजे." झालं, दोघींच्या डोक्यात किडा शिरला.

पाणी नेमकं कुठून शिरतं ते कळावं म्हणून आम्ही टोपीच्या आत सरबताच्या लाल करकदे फुलांच्या सुक्या पाकळ्यांची पूड पसरायचो. थेंब आत गेला की लाल ओघळ. पहिल्याच दिवशी एका पोरीच्या मानेवरून असा ओघळ आला आणि तिची आई काठावर मटकन खाली बसली. मी म्हणते, "अहो, सरबत आहे ते." ती म्हणते, "माझ्या लेकीच्या डोक्यातून सरबत कसं येईल?" हसा, हसा. आम्हीही तेव्हा तलावाच्या पायऱ्यांवर बसून पोट दुखेपर्यंत हसलो होतो.

मग साच्यासाठी डोकं हवं होतं. दौलत म्हणाली, "माझ्या मुलीचा साखरपुडा आहे, मी केस कसे उतरवू?" मग कोणी उतरवले? पार्लरवाल्या बाईने वस्तरा स्वतःच्याच डोक्यावर चालवला. माझे यजमान शफीक घरी आले, मला बघितलं आणि विचारलं, "कोण गेलं?" प्लास्टर सुकताना तापतं, हे मला ठाऊक नव्हतं. मी घाबरले. तेव्हा दौलतने माझा हात घट्ट धरून ठेवला होता. कॅप्टन, मान खाली घालू नकोस, हे मी कौतुकाने सांगतेय.

मी एवढी का झटले? लहानपणी माझ्या डाव्या कानामागे शस्त्रक्रिया झाली, हाड खरवडलं. डॉक्टरांनी सांगितलं, या पोरीने आयुष्यभर डोकं पाण्याखाली घालायचं नाही. अलेक्झांड्रियात जन्मून मी समुद्र फक्त गळ्यापर्यंत बघितलाय. दौलतने शब्द दिला होता, "पहिली टोपी तुझ्या डोक्यावर. मी हात धरीन, दोघी एकदम बुडी मारू." मला दुसरं काही नको होतं.

पुढे साचा कारखान्यात गेला. मला कळलं ते टीव्हीवरून. दुकान भरलेलं, माझ्या हाताखाली एकीचं डोकं नळाखाली, आणि पडद्यावर कॅप्टन सांगत होती, "एका पहाटे समुद्राकडे बघता बघता सुचलं." दुकानातल्या सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, "मान खाली करा, साबण डोळ्यांत जाईल."

संध्याकाळी मी तिच्या घरी गेले. ती म्हणाली, "अगं, त्यांना एकच नाव हवं होतं. केस कापणारीची टोपी कोण घेणार? आणि तुला काय फरक पडतो? तुला कुठे पाण्यात जायचंय?"

नाव गेलं, ते मी गिळलं असतं. पण हे शेवटचं वाक्य, दौलत, तू म्हणालीस. सगळ्या शहरात तुलाच तर ठाऊक होतं मला कुठे जायचंय ते.

आता एक शंका. या टोपीचा डाव्या कानामागे सगळ्यांना जरासा टोचा लागतो ना? बघा, किती माना हलल्या. कॅप्टनने टीव्हीवर सांगितलं होतं, पोहताना तोल राहावा म्हणून तो दाब मुद्दाम ठेवलाय. पोरींनो, तो तोल-बिल काही नाही. साच्यात तिथे एक खळगी आहे. इस्मत हानिम, आपण डॉक्टर आहात, बोट लावून बघा. लागली? आता कृपा करून कॅप्टनच्या कानामागे बघा. गुळगुळीत आहे ना? आणि आता ही माझी ओढणी मागे घेते, पुरुष मंडळी बाहेरच आहेत. बघा.

धन्यवाद, हानिम. आपल्याला खूण पटली असेल तर माईकवर सांगण्याची गरज नाही.

मला फसवलं गेलं, आणि परक्याने फसवलं असतं तर मी चार शिव्या देऊन मोकळी झाले असते. ही टोपी माझ्याही घरी आहे, दुकानातून विकत घेतलेली. मी ती अजून घातलेली नाही. डोकं पाण्याखाली घालायला टोपी पुरत नाही, धरायला एक हात लागतो.

असो. मला बोलावल्याबद्दल अध्यक्षांचे, सचिवबाईंचे आणि बसबूसा करणाऱ्या हातांचे मनापासून आभार. कॅप्टनला पुढचं आयुष्य सुखाचं जावो. भरल्या घरात नको ते बोलून गेले असेन, तर वडीलधाऱ्यांनी पोटात घालावं. पाटी क्लबने ठेवावी, त्यावर नाव कॅप्टनचंच आहे.

डोकं माझं आहे. ते मी घरी घेऊन जातेय.