मामाचा बिनआवाजाचा व्हिडिओ

अरे, आमच्या हदगावच्या मामाचं तोंड तुम्ही त्या दिवशी बघायला पाहिजे होतं. त्याच्या पोरीच्या लग्नाचा व्हिडिओ बघायला किनवटहून व्याही अन् विहीणबाई घरी आले होते. मी टीव्हीला पेन ड्राइव्ह लावला. चित्र झकास, पण आवाजच न्हाई. खाली लिहून आलं, 'हा ऑडिओ फॉरमॅट चालत नाही.'

तेवढ्यात पडद्यावर मामा आला. मांडवाच्या दारात, लालबुंद होऊन, वरातीकडं हात नाचवून राहिला होता.

विहीणबाईंनी विचारलं, "भाऊ, हे काय बोलून राहिले तुम्ही?"

"स्वागत करून राहिलो तुमचं," मामा घाम पुसत म्हणाला.

मी पडलो शहाणा. म्हटलं, "मामा, टीव्हीतल्या या व्हिडिओ ॲपवाल्यांनी ह्या आवाजाच्या फॉरमॅटचं लायसन घेतलेलं न्हाई, म्हणून नुसतं चित्र दिसतंय. दुसरं ॲप टाकतो, त्यात आवाज येतो."

"काही टाकू नको!" मामा ओरडलाच. "लायसन न्हाई म्हणतोस ना? मग माणसानं कायद्यानं राहावं!"

व्याह्यांनी चहाची बशी खाली ठेवली. म्हणाले, "टाकू द्या की, व्याही. वरातीला उशीर झाला म्हणून तुम्ही आम्हाला काय काय म्हणालात, ते सगळ्या मांडवानं ऐकलंय. तुमच्या बाजूलाच माईक चालू होता. ह्या आमच्या मंडळींची, तुमच्या विहीणबाईंची, जीप तेवढी मागं राहिली होती. त्यांना ऐकवायलाच तर घेऊन आलोय."