मधल्या पायरीचा उखाणा

माझा सगळ्यात गाजलेला उखाणा सासरचा नाही गं, माझगावच्या ऑफिसातल्या सर्व्हर रूममधला आहे.

आमच्या सर्व्हरना इंटरनेट नाही. नवं सॉफ्टवेअर डिस्कवर आणायचं, सिक्युरिटीकडून तपासून घ्यायचं, मगच आत न्यायचं. अपग्रेडच्या मीटिंगमध्ये मी जेमतेम तोंड उघडलं, "सर, आधी मधलं व्हर्जन..."

"काय नवरीबाई," आमचे बॉस सामंत सर म्हणाले, "आधी उखाणा घ्या, मग बोला!"

सगळे खिदळले. माझं वाक्य तिथंच तुटलं. सरांनी प्लॅन ठोकला, "पायऱ्या-बियऱ्या नकोत. थेट लेटेस्ट मारू. रविवारी दुपारपर्यंत खल्लास!"

त्याच रविवारी करी रोडला माझं संक्रांतीचं पहिलं हळदीकुंकू होतं. सासूबाईंनी हलव्याचे दागिने आणून ठेवलेले, आणि पाचला बायका येणार.

रविवारी थेट लेटेस्ट टाकायला गेलो, तर स्क्रीनवर खणखणीत नकार: आधी मधलं व्हर्जन टाका. ते डिस्कवर नव्हतंच. नवीन आणावं, तर डिस्क तपासणारा विभाग रविवारी बंद. सर माझ्यावरच उखडले, "माहीत होतं, तर मीटिंगमध्ये बोलली का नाहीस?"

"सर, तुम्हीच म्हणालात, आधी उखाणा. तेव्हा सुचला नाही, आत्ता सुचलाय."

पर्स खांद्याला लावली आणि घेतला:

"मधली पायरी गाळून सरांनी मारली उडी,
निखिलरावांचं नाव घेते, आता शोधा शिडी!"

पाचला मी हलव्याचे दागिने घालून पाटावर बसले होते. अपग्रेड अजून पहिल्याच पायरीवर आहे.