सोनेरी बोंडांचं तोरण

केंटकीत वसंत आला, की तालुक्याच्या शेती कार्यालयात आजारी फांद्या घेऊन रांग लागते. माझ्यापुढे व्हर्लीन होती आणि तिची शेजारीण ओपल.

“नवऱ्यानं लावलेलं झुडपांचं कुंपण गं, ओपल. तो गेला, आता तेही सुकत चाललंय.”

“दाखव फांदी. ही लोंबतायत ती काय?”

“बोंडं. नाताळात सोनेरी रंगवून तुला तोरण नव्हतं का दिलं?”

“बोंडं? वा गं माळीणबाई! अळ्यांच्या पिशव्या आहेत या. आत अंडी, ऊन तापलं की फुटणार. एकेक खुडून साबणाच्या पाण्यात बुडव, कुंपण वाचेल.”

“आणि तुझं तोरण कुठंय?”

“अजून माझ्या झुडपांच्या कुंपणावरच. दाराला लावायला फारच देखणं होतं ना!”

“मग जा, तूही एक फांदी तोडून आण. मी जागा धरते.”