आमच्या ह्यांचं सामुराईपण

...आणि दिव्याची काच फुटली ती फुटली, वर मलाच म्हणतात, "तू मागे थांबायला हवं होतंस. समोरच्याच्या तलवारीच्या टप्प्यात उभं राहू नये. पुस्तकात लिहिलंय." म्हणजे बघा, खोली माझी, दिवा माझ्या आईने दिलेला, वाळलेले टॉवेल घेऊन मी आपली आत येतेय, ह्या माणसाच्या हातात हा एवढा लाकडी सोटा, म्हणे तलवार, आणि चूक कोणाची, तर माझी. का, तर मी पुस्तक वाचलेलं नाही.

आमच्या ह्यांना तुम्ही ओळखता. नोत्सु तेरुहिको. इथे मात्सुए गावात निम्म्या घरांतले आंघोळीचे टब ह्यांनीच विकलेले आहेत. जन्मभर लोकांना गरम पाण्यात बसवलं आणि गेल्या वसंतात निवृत्त झाले. निवृत्त झाले म्हणजे काय, तर आधी कंपनीत बसायचे ते माझ्या स्वयंपाकघरात बसायला लागले. मी फ्रीज उघडला की, "काय काढतेस?" बंद केला की, "काय ठेवलंस?" मी मुळा किसतेय आणि हे मागे उभे, कंपनीत माणसांवर लक्ष ठेवायचे तसे. शेवटी शेजारच्या कादोवाकीबाई म्हणाल्या, "अहो फुसाएबाई, त्यांना लायब्ररीत पाठवा. तिथे वर्ग निघालाय. सामुराईंचं जगणं, त्यांचा काळ, सगळं पुस्तकांतून आणि सिनेमांतून शिकवतात. आमचे जायला लागल्यापासून घरात कशी शांतता आहे." शांतता आहे एवढंच म्हणाल्या. शांतता का आहे ते नाही सांगितलं त्या बाईने.

गेले हे. आले ते दोन पिशव्या भरून घेऊन. एका पिशवीत पुस्तकं, एका पिशवीत सिनेमे. आणि दुपारी जेवण झालं की सुरू. आता तुम्ही म्हणाल, सिनेमाच तर बघतात, बघू द्यात की. अहो, पण कसले सिनेमे ते, एक माणूस बसलेला असतो. बसलेलाच असतो. बाहेर पाऊस. मी कपड्यांच्या घड्या घालते, भांडी पुसते, परत येऊन बघते तर तो बसलेलाच. मग एकदम उठतो, चिखलात चारपाच माणसं कापतो, आणि परत येऊन बसतो. मी एकदा सहज विचारलं, "अहो, हा एवढा चिखलात लोळून आला, रक्ताने माखला, आणि पुढच्या प्रसंगात अंगावर कोरे कपडे. धुतले कोणी?" हे म्हणाले, "तो मुद्दा नाही." मी म्हटलं, "मग बायको दारात वाकून उभी होती ती कशाला उभी होती?" तर म्हणाले, "तिला आपलं कर्तव्य माहीत होतं. पुस्तकात लिहिलंय."

तिथून जे घर बदललं ते बदललंच. पहिल्यांदा बोलणं गेलं. सामुराई कमी बोलतो म्हणे. सकाळी मी विचारायचं, "सूप अजून देऊ?" तर "हं." "छत्री घेतलीत?" "हं." "अहो, घराला आग लागलीय," असं म्हटलं असतं तरी "हं"च आलं असतं, मला खात्री आहे. मग जेवण. एके दिवशी तळ्यातल्या ताज्या शिंपल्या मिळाल्या, सोयाबीनचा मिसो घालून असं सूप केलं की मलाच माझं कौतुक वाटलं. हे गप. मी म्हटलं, "बरं झालंय का?" तर वाटी खाली ठेवून म्हणाले, "योद्धा जेवणाची चव बोलून दाखवत नाही. पुस्तकात लिहिलंय." आता लग्न झाल्यापासून हा माणूस जेवणाबद्दल कधी अक्षर बोललेला नाही, पण इतके दिवस तो नुसता घुमेपणा होता हो, आता त्याला छापील आधार मिळाला.

मग आंघोळ. ज्या माणसाने गरम टब विकून आम्हाला पोसलं, तो पहाटे अंगणात उभा राहून डोक्यावर गार पाणी ओतून घ्यायला लागला. मन कणखर होतं म्हणे. मन झालं असेल, छाती नाही झाली. आठवडाभर कफ, आणि मऊ भाताची पेज करून चमच्याने भरवणारी कोण, तर जी पुस्तक वाचत नाही ती. आणि रस्त्यात तर विचारूच नका. तलवार उपसायला जागा लागते म्हणून बायकोने मागून चालायचं. बाजारातून येताना हे पुढे मोकळ्या हातांनी, मी मागे दोन्ही हातांत पिशव्या घेऊन, आणि एक सोया सॉसची बाटली घ्यायला सांगितली तर म्हणतात, "माझे हात मोकळे हवेत." कोण हल्ला करणार होतं ह्यांच्यावर? सुपरमार्केटातून घरी येताना?

हे सगळं मी हसण्यावारी नेत होते, तुम्हाला खरं सांगते. म्हटलं, काहींना गोल्फ चढतो, काहींना मासेमारी. उतरेल. पण शरदात कानाए आली.

कानाए आमची एकुलती एक. दातांच्या दवाखान्यात काम करायची, हात इतका हलका की म्हातारे लोक तिचंच नाव घेऊन यायचे. लग्न करून ओकायामाला दिली. जावई हिरोमु, तसा शांत. मारझोड नाही, दारू नाही. पण त्याची आजी अंथरुणाला खिळली तेव्हा ह्या शांत माणसाने परस्पर कानाएच्या दवाखान्यात फोन करून सांगून टाकलं की माझी बायको पुढच्या महिन्यापासून यायची नाही. हिला विचारलंसुद्धा नाही. हिला कळलं ते दवाखान्यातल्या बाईंनी निरोपाची फुलं आणली तेव्हा. वर्षभर तिने त्या आजीचं सगळं केलं, आजी गेली, आणि ही म्हणाली, मी आता परत कामाला जाते. तर तो म्हणाला, "आता आईचे गुडघे दुखतात." मग तिने बॅग भरली.

आली, बसली, सगळं सांगितलं. रडली नाही. म्हणाली, "आई, बाबा, मी आता तिकडे जाणार नाही." मी तिचा हात धरला. आणि हे ताठ बसलेले, नजर भिंतीवर. मला वाटलं, बापाचं काळीज आहे, शब्द जुळवत असतील. आणि मग, तुम्हाला सांगते, अगदी त्या सिनेमातल्या आवाजात म्हणाले, "योद्ध्याच्या घरातली मुलगी एकदा उंबरा ओलांडला की परत येत नाही."

कानाए बघतच राहिली. म्हणाली, "बाबा, कुठल्या योद्ध्याच्या? आजोबा तर सायकलवर शिंपल्या विकायचे."

"रक्ताने नाही. वृत्तीने."

"हे तुम्ही सांगताय का पुस्तक सांगतंय?"

तर "हं." म्हणजे पोरीचं आयुष्य मोडून समोर पडलंय आणि हा माणूस "हं" म्हणतो. ती उठून वर गेली, आणि ह्यांनी काय करावं? जावयाला फोन केला. जो माणूस आठवडाभर माझ्याशी धड वाक्य बोलला नव्हता तो फोनवर म्हणतो, "रविवारी या. मुलीला समजावून तयार ठेवतो."

तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. म्हटलं, ठीक आहे, पुस्तकात लिहिलंय ना, मग मीही बघते काय काय लिहिलंय. ह्यांची पिशवी काढली. पातळ पुस्तकं होती, मुखपृष्ठावर तलवारी, ती वाचून वाचून मऊ झालेली. आणि तळाला एक जाडजूड, एकही चित्र नसलेलं, उघडताना करकर वाजलं. ह्यांनी त्याचं एक पान उलटलेलं नव्हतं. कोण्या अभ्यासक बाईने लिहिलेलं, जुन्या सामुराई घरांत लोक दिवस कसे काढायचे त्याबद्दल. डाळ भिजते, मासा मुरतो, आणि मी वाचतेय. अहो, काय सांगू तुम्हाला. तलवारी कुठल्या आणि काय. संध्याकाळी घरी येऊन छत्र्यांना कागद चिकटवायचे बिचारे. परसात वांगी लावायचे. आणि मुली? नांदायला गेल्या, नाही पटलं, परत आल्या, दुसरं लग्न झालं, तेही नाही पटलं तर पुन्हा परत आल्या, आणि कोणाचं नाक कापलं गेलं नाही. एका बापाने तर मुलगी सुखात नाही कळल्यावर बर्फातून स्वतः पालखी नेली होती तिला आणायला.

शनिवारी जेवताना मी ते पान ह्यांना वाचून दाखवलं. ह्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "हे कुठून आणलंस?"

"तुमच्याच पिशवीतून."

"ते खालच्या दर्जाचे सामुराई असणार."

मी म्हटलं, "आणि आपण कुठल्या दर्जाचे?"

तर म्हणाले, "सिनेमात असं काही नसतं."

झालं. म्हणजे पुस्तकात लिहिलं असेल ते खरं, पण ह्यांच्या मनासारखं लिहिलं असेल तरच.

रविवारी जावई आला, सोबत विहीणबाई, हातात मिठाईचा डबा. गुडघे दुखणाऱ्या विहीणबाई व्यवस्थित गुडघे मुडपून तातामीच्या चटईवर बसल्या हं, मी नीट बघितलं. कानाए वरून येईना. आमचे हे किमोनो घालून समोर. मला अजून आशा होती, तुम्हाला खोटं नाही सांगत, मला वाटत होतं की आता एक वाक्य बोलतील, मुलीला विचारल्याशिवाय तिची नोकरी सोडवणारा तू कोण, एवढंच. पण विहीणबाई चहाचा घोट घेऊन म्हणाल्या, "आमच्याकडे कसं आहे, जुनी वळणं फार. ओकायामाच्या किल्ल्यावर चाकरीला होतो ना आम्ही पिढ्यान्‌पिढ्या. सामुराई घराणं."

खरं का खोटं देव जाणे. कोण तपासायला जातंय? पण ते शब्द ऐकले मात्र, आणि आमचे हे दोन्ही हात टेकवून वाकले. कपाळ तातामीला लागेपर्यंत वाकले, आणि म्हणाले, "आमच्या मुलीने तुमच्या घराण्याला त्रास दिला. माफी असावी."

आणि त्याच क्षणी कानाए जिन्यावर उभी. बॅग हातात. तिने बापाची पाठ बघितली. कपाळ जमिनीला, पाठ वर. खाली आली, सगळ्यांच्या बाजूने गेली, दारात बसून बूट घालायला लागली. हिरोमु उठायला लागला तर विहीणबाई म्हणाल्या, "बस, येईल आपोआप."

मी उठले. टॅक्सीला फोन केला. हे मान वर करून म्हणाले, "कोणाला बोलावतेस?"

मी म्हटलं, "पालखी."

स्टेशनपर्यंत गेले मी तिच्याबरोबर, हिरोशिमाच्या बसमध्ये बसवून दिलं. तिची एक मैत्रीण आहे तिथे. बस सुटेपर्यंत ती एवढंच म्हणाली, "आई, ते मला रागावले असते तरी चाललं असतं गं. ते त्यांच्यासमोर वाकले." परत आले तर मंडळी गेलेली, आणि हे मिठाईचा डबा समोर ठेवून बसलेले. बसलेलेच.

आता तिचं बरं आहे. दवाखान्यात लागलीय, छोटी खोली घेतलीय, मी जाऊन येते मधूनमधून, जाताना शिंपल्या नेते बर्फात घालून. घटस्फोटाच्या कागदांवर हिरोमुने मुकाट्याने सही केली, शांत माणूस तो. इकडे हे आहेतच. लाकडी तलवार कपाटामागे गेलीय, गार पाणी बंद, पण गप्प बसणं तेवढं राहिलं. तिच्याबद्दल विचारत नाहीत. हवामानाच्या बातम्यांत हिरोशिमा आलं की मात्र आवाज वाढवतात.

परवा मी म्हटलं, पुरे झालं. तिचा नंबर लावला आणि फोन ह्यांच्या हातात कोंबला. पलीकडून कानाए म्हणते, "हॅलो? आई? कोण आहे?" ह्यांनी फोन कानाला घट्ट धरला, तोंड उघडलं, मिटलं, मला वाटलं आता येतंय, आता येतंय... आणि म्हणाले, "हं." आणि फोन मला परत देऊन अंगणात निघून गेले.

ती म्हणाली, "आई, बाबा होते ना? काय म्हणाले?"

मी म्हटलं, "हं म्हणाले."

"हं म्हणजे काय?"

म्हटलं, "हं म्हणजे हं. मी लग्न झाल्यापासून त्याचा अर्थ लावतेय बाई, आता निम्मा तू लाव."